अंजनेरीवरील कंदीलपुष्पांची गणना : यंदा न उगवलेले रोप मेले की कंदरूपाने जिवंत, हे कसे ठरवावे?

नमस्कार. मी नाशिकमधील एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो. येत्या पावसाळ्यापासून पदव्युत्तर वर्गातील काही विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन अंजनेरीच्या पठारावरील कंदीलपुष्पाच्या, म्हणजेच सेरोपेजिया अंजनेरिका या जातीच्या, संख्येचा अनेक वर्षे चालणारा अभ्यास सुरू करण्याचा आमचा विचार आहे. आखणी करताना काही अडचणी समोर आल्या असून, कंदवर्गीय वनस्पतींवर प्रत्यक्ष काम केलेल्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

या जातीचे शास्त्रीय वर्णन 2006 मध्ये प्रसिद्ध झाले आणि डोंगराचेच नाव तिला मिळाले. पहिल्या पावसानंतर जमिनीतील कंदातून खोड वर येते, पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुले येतात, आणि पाऊस सरला की वरचा सगळा भाग वाळून जातो. वर्षातील बहुतेक महिने ही वनस्पती पठारावर असूनही कोणाला दिसत नाही, आणि आमची मुख्य अडचण नेमकी येथेच आहे.

समजा, एखाद्या जागी या वर्षी रोप नोंदवले आणि पुढच्या वर्षी तेथे काहीच उगवले नाही. कंद सडला असेल, साळिंदराने उकरून खाल्ला असेल, कंद जिवंत असूनही त्याने त्या वर्षी खोड वर काढले नसेल, किंवा खोड उगवले असूनही आमच्या फेरीआधी गुरांनी खुडले असेल अथवा गवतात आमच्या नजरेतून सुटले असेल. वहीत मात्र या सगळ्यांची नोंद ‘रोप नाही’ अशी एकच होणार. उकरून पाहण्याचा प्रश्नच येत नाही, कारण जे मोजायचे तेच त्यात मरेल.

दुसरी अडचण मांडणीची आहे. कातळाच्या भेगांत आणि मातीच्या उथळ थरांत ही रोपे पुंजक्यांनी वाढतात. एक मीटरच्या चौकटी यादृच्छिक पद्धतीने टाकल्या तर बहुसंख्य चौकटी रिकाम्या येतात, एखादी भरलेली येते, आणि त्यावरून काढलेल्या सरासरीवर माझा तरी विश्वास बसत नाही.

तिसरा प्रश्न खुणांचा. हातातील जीपीएस तीन ते पाच मीटरने सहज चुकते, तर दोन रोपांत कधीकधी वीतभरही अंतर नसते. कातळावर रंग लावणे मला मान्य नाही. झेंड्या लावल्या तर रविवारी पावसाळी सहलीला येणारी गर्दी फोटोसाठी थेट तेथेच जमेल.

प्रतिसाद 1

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका वर्षाच्या माहितीतून मिळणार नाही, हे विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच सांगून ठेवावे. पहिल्या आणि तिसऱ्या वर्षी दिसलेले, पण दुसऱ्या वर्षी न दिसलेले रोप दुसऱ्या वर्षी जिवंत होते, एवढे निश्चित म्हणता येते. अशा मधल्या खंडांच्या नोंदी पुरेशा जमल्या की प्राण्यांसाठी वापरली जाणारी खूण-पुनर्नोंद प्रतिमाने (खूण केलेला जीव पुढे केव्हा दिसला, केव्हा नाही यावरून अंदाज काढणारी गणिती प्रतिमाने) वनस्पतींनाही लावता येतात आणि त्यांतून जगण्याचा दर व सुप्तावस्थेचा दर यांचे वेगवेगळे अंदाज निघतात. मात्र मालिकेतील शेवटच्या वर्षी जी रोपे दिसत नाहीत, त्यांच्याबाबतीत मृत्यू आणि सुप्तावस्था यांची फोड करता येत नाही. म्हणून तीन हंगाम हे किमान समजावे. पाच मिळाले तर निष्कर्षांना खरे वजन येईल.

न उगवलेले आणि नजरेतून सुटलेले यांतील फरक मात्र त्याच हंगामात कळू शकतो. एकाच हंगामात तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन फेऱ्या कराव्यात आणि दुसऱ्या फेरीतील निरीक्षकांना पहिल्या फेरीची वही दाखवू नये. दोन्ही याद्यांच्या तुलनेतून शोधक्षमता, म्हणजे उगवलेले रोप निरीक्षकाच्या नजरेस पडण्याची शक्यता, काढता येते. खुडलेल्या खोडाचा बुंधा दिसला तर त्याची नोंद वेगळ्या रकान्यात करावी.

पुंजक्यांसाठी स्टीव्हन थॉम्प्सन यांनी 1990 मध्ये मांडलेली अनुकूली समूह नमुनापद्धती पाहावी. ज्या यादृच्छिक चौकटीत रोप सापडेल तिच्या चारही बाजूंच्या चौकटी तपासायच्या, त्यांतही सापडले तर आणखी पुढे जायचे, आणि सगळीकडून रिकाम्या चौकटींची कड लागली की थांबायचे. या माहितीवर साधी सरासरी काढू नये, कारण ती हमखास फुगलेली येते. पद्धतीसोबत दिलेली सूत्रेच वापरावीत.

खुणांसाठी प्रत्येक पुंजक्याजवळ कातळात स्टेनलेस स्टीलचे दोन छोटे स्क्रू बसवावेत आणि प्रत्येक रोपाचे दोन्ही स्क्रूंपासूनचे अंतर टेपने मोजावे. रोप त्या दोन स्क्रूंना जोडणाऱ्या रेषेच्या कोणत्या बाजूला आहे, हेही लिहावे, कारण तीच दोन अंतरे देणारे बिंदू दोन असतात. सेंटिमीटरपर्यंतची जागा अशी मिळते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत काही भरत नाही.

प्रतिसाद 2

वरील सूचनांत भर घालतो. अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र असल्याने स्क्रू बसवण्याचा तपशील वनविभागाकडे द्यायच्या अर्जातच स्पष्ट लिहावा आणि लेखी परवानगी येईपर्यंत कातळाला हात लावू नये. पुंजक्यांची अचूक स्थाने प्रबंधात किंवा शोधनिबंधात छापू नयेत. कंद उपटून नेणारे हौशी संग्राहक असे नकाशे आवर्जून वाचतात. विद्यार्थ्यांच्या मोबाइलमधील फोटोंतून स्थानाची माहिती काढून टाकण्याची सवयही पहिल्या दिवसापासून लावावी.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दोन स्क्रूंची युक्ती आम्हाला सुचली नव्हती. परवानगीच्या अर्जात तिचा आराखडा जोडतो.

आता एक उपप्रश्न उरतो. पुंजका सापडला की कडेच्या चौकटी तपासताना आमचेच पाय कोवळ्या रोपांवर पडण्याचा धोका मोठा आहे, कारण फुलापूर्वी ही रोपे गवतात ओळखणे सरावलेल्या डोळ्यांनाही कठीण जाते. पहिली फेरी फुले येईपर्यंत लांबवावी, तर तोपर्यंत खुडली गेलेली रोपे मोजणीतून निसटतील. लवकर करावी, तर तुडवण्याची भीती. फक्त उघड्या कातळावरूनच पाऊल टाकायचे, असा नियम करून चौकटींचा क्रम त्यानुसार बदलला, तर नमुन्याच्या यादृच्छिकतेला बाध येतो का? कोणी असे काम पठारांवर केले असल्यास कृपया सांगावे.