प्रवेश २ : चहा की पानसुपारी?

ए-२०१ (नाटक समिती): सोसायटीच्या नाटकाचा प्रवेश २ वर टाकलाय. पुणे, मे १८७५. आदल्या संध्याकाळी वाड्यावर मित्र जमतात, चहा होतो, दुसऱ्या दिवशी वसंत व्याख्यानमालेतलं व्याख्यान. चुका आत्ताच सांगा, रविवारपासून तालीम आहे.

सी-१०४: पहिली चूक चहा, तो काढा. दुसरी, पानसुपारीच्या तबकाची जागा. आल्यावर पाय धुवायला पाणी, मग बैठक, गप्पा. निघताना पानसुपारी. तबक पुढे आलं की उठायची वेळ झाली हे पाहुण्याला न सांगता कळायचं. तुमच्या मसुद्यात ते सुरुवातीलाच येतंय, म्हणजे पाहुण्यांना दारातूनच निरोप!

बी-३०३: चहावर एवढा कटाक्ष का काका? मंडळी तर सुधारक.

सी-१०४: म्हणूनच. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. काहींनी घेतली, काहींनी नुसता कप हातात धरला. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ या वर्तमानपत्रात छापून आणली. त्यात रानडे होते, टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. मिशनऱ्याचं व्याख्यान ऐकलं त्याचं कुणाला काही नाही. विटाळ तोंडाला, कानाला नाही.

डी-५०२: मुंबईच्या परमहंस मंडळीचं याच्या नेमकं उलट. जातिभेद न मानणारी १८४९ ची सभा. तिथे परधर्मीयाच्या हातचा पाव खाल्ल्याशिवाय सभासदच होता येत नसे, म्हणून सगळं गुपचूप. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली आणि मंडळी पांगली. दोन्हीकडे घात खाण्यापेक्षा यादीनं केला. १८६७ चा प्रार्थना समाज मात्र उघड्यावर भरायचा.

ए-२०१: चहा कट. पुढे?

डी-५०२: रानड्यांना पिकलेल्या मिशा लावल्यात, त्या काढा. १८७५ मध्ये ते ३३ वर्षांचे. टिळक १८ वर्षांचे, कॉलेजात शिकणारे, त्यांना पुढारी करून बोलायला उभं करू नका. आणि कोपऱ्यातल्या माणसाच्या हातातला ‘केसरी’! तो ४ जानेवारी १८८१ ला निघाला. ‘ज्ञानप्रकाश’ द्या, तो १८४९ पासूनचा. पाहुणा मुंबईहून आगगाडीने आला तर चालेल, घाटातली लाइन १८६३ पासून सुरू आहे.

सी-१०४: व्याख्यानाचा क्रमही लिहून ठेवा. एकजण अध्यक्षांच्या नावाची सूचना करतो, दुसरा अनुमोदन देतो, मगच अध्यक्ष खुर्चीवर. ही दोन वाक्यं गाळली की ते कीर्तन वाटतं. मग व्याख्यान, अध्यक्षांचा समारोप, आभार, हार-तुरे. शेवटी गुलाबदाणी, मनगटावर अत्तर, पानसुपारी. पगडी बैठकीतही डोक्यावरच, जोडे मात्र बाहेर. मागच्या वेळी नेमकं उलटं झालं होतं 🙏

ई-४०१: बायकांचं काय? आम्ही सहाजणी तयार आहोत आणि संवाद एक, तोही पडद्याआडून.

डी-५०२: १८७५ धरलं तर एवढंच ताई. रमाबाई रानडे तेव्हा १२-१३ वर्षांच्या. प्रवेश १८८२ वर न्या. पंडिता रमाबाई पुण्यात येतात, आर्य महिला समाज निघतो, म्हणजे सहाही जणींना बोलता येईल. ‘केसरी’ही चालेल. रानडे मात्र चाळिशीचे करावे लागतील.

ई-४०१: १८८२ च करा.

बी-३०३: मग दयानंदांची मिरवणूक गेली ना? ती १८७५ ची. पुण्यातली व्याख्यानं झाल्यावर हत्तीवरून निघाली, विरोधकांनी चिखल फेकला, वर गाढवाला ‘गर्दभानंद’ म्हणून फिरवलं. तेवढाच जरा हशा झाला असता.

ए-२०१: हत्ती परवडत नाही, गाढवाला सेक्रेटरी गेटातून सोडणार नाहीत. १८८२ फायनल. पगड्या किती लागतील तेवढं सांगा, भाड्याचं आजच बोलते.

सी-१०४: सात. गुलाबदाणी आमच्याकडे आहे.