आयआरमध्ये (आंतरराष्ट्रीय संबंध) पीएचडी करायचीय, सुरुवात कुठून करू?

सोलापूरी_पोरगा
नमस्कार मंडळी, राज्यशास्त्रात एमए झालंय, यूजीसीच्या नेट परीक्षेत जेआरएफ (संशोधनासाठी दरमहा पैसे देणारी फेलोशिप) थोडक्यात हुकलं पण असिस्टंट प्रोफेसर आणि पीएचडीसाठी पात्र आहे. आंतरराष्ट्रीय संबंधातच पीएचडी करायचीय, विषय डोक्यात आहे 'हिंदी महासागर आणि भारताचं परराष्ट्र धोरण'. जेएनयू सोडून कुठे बघू, पैशांचं कसं जमतं आणि प्रपोजलमध्ये (संशोधनाच्या आराखड्यात) नक्की काय बघतात? घरी बहिणीचं लग्न काढलंय त्यामुळे फेलोशिपशिवाय दिल्ली परवडणार नाही हे आधीच सांगतो.

कावेरी_ताई
अभिनंदन रे, आधी घाई कर कारण नेटचा हा स्कोअर पीएचडी प्रवेशाला एकच वर्ष चालतो, त्यात नेटला ७० टक्के वेटेज आणि मुलाखतीला ३०. जेएनयूचं स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज जुनं आणि मोठं आहेच (१९५५ला सप्रू हाऊसमध्ये सुरू झालं, १९७०ला जेएनयूत आलं), पण पुणे विद्यापीठाचा डिफेन्स अँड स्ट्रॅटेजिक स्टडीज विभाग बघ, मुंबईत नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभाग आहे, शिवाय गोवा विद्यापीठ आणि दिल्लीचं साउथ एशियन युनिव्हर्सिटी. माझं ऐकशील तर विद्यापीठाआधी गाइड शोध, त्यांचे मागच्या काही वर्षांतले पेपर खरंच वाच आणि मग मेल कर. पैशांसाठी परत जेआरएफ दे, पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार आणि पुढे ४२ हजार मिळतात. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप प्रवर्गाप्रमाणे आहेत, जाहिरातींवर लक्ष ठेव.

दर्यावर्दी
विषयावर बोलतो कारण खरी अडचण तिथेच आहे. 'हिंदी महासागर आणि भारत' हा विषय नाही, ते अख्खं कपाट आहे. मुलाखतीत पहिला प्रश्न येणार की तुझा प्रश्न काय. उदाहरण देतो, मॉरिशसचं अगालेगा बेट घे. मार्च २०१५ला भारत-मॉरिशस सामंजस्य करार झाला, भारताने तिथे धावपट्टी आणि जेट्टी बांधली, २९ फेब्रुवारी २०२४ला दोन्ही पंतप्रधानांनी उद्घाटन केलं. आता विचार की मॉरिशससारख्या छोट्या देशाच्या सरकारने हे स्वतःच्या लोकांना कसं पटवलं, संसदेत विरोधकांनी काय विचारलं. बघ, लगेच कुठली कागदं लागतील ते दिसायला लागतं.

सोलापूरी_पोरगा
दादा भारी वाटतंय हे, पण त्या कराराची कागदपत्रं मिळतील का? आणि फ्रेंच शिकावी लागेल?

दर्यावर्दी
परराष्ट्र मंत्रालयाच्या २०१५च्या फाईली आत्ता मिळतील अशा भरवशावर राहू नको, नियमानुसार साधारण २५ वर्षांनंतर त्या अभिलेखागारात जायला हव्यात आणि तेव्हाही सगळ्या खुल्या होतातच असं नाही. पण मॉरिशसच्या संसदेतली चर्चा ऑनलाइन आहे आणि बहुतेक इंग्रजीत, आपल्या लोकसभेची प्रश्नोत्तरंही मिळतात, बाकी मुलाखती. फ्रेंच तिथल्या वर्तमानपत्रांसाठी लागेलच, आजपासून लाग. जुनी कागदंच हाताळायची असतील तर १९६५ला ब्रिटनने चागोस बेटं मॉरिशसपासून तोडली तेव्हा भारताने काय भूमिका घेतली हा प्रश्न घे, त्याच्यासाठी दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार आणि तीन मूर्तीची लायब्ररी आहे, अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या वेबसाइटवर घरबसल्या फाईलींची यादी चाळता येते.

रत्नांग्री_कर
मधेच बोलते, मॉरिशसला गेलेले बरेच मराठी लोक आपल्या कोकणातले, एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर करारावर गेले. मराठी येणाऱ्याने तिथे मुलाखती घेतल्या तर दारं पटकन उघडतील असं मला मनापासून वाटतं, हा फायदा दिल्लीच्या सगळ्यांना नसतो.

कावेरी_ताई
आणि वेळेचं घरी स्पष्ट सांग, नियमाने किमान तीन वर्षं आणि कमाल सहा. प्रपोजलची दोन पानं लिहून इथे टाक, मी वाचते.

सोलापूरी_पोरगा
अगालेगावरच लिहितो. रविवारपर्यंत टाकतो ताई, आणि दादा तुम्ही पण वाचाच.