मदत हवी आहे : स्पॅनिश लेखन आणि भाषांतराची परीक्षा कशी घ्यावी?

खाडीकाठ : नमस्कार. मी रत्नागिरीत स्पॅनिशचा वर्ग घेते. पुढील आठवड्यात विद्यार्थ्यांच्या लेखनाची आणि भाषांतराची परीक्षा घ्यायची आहे आणि प्रश्नपत्रिकेचा आराखडा अद्याप ठरलेला नाही. घरून लिहून आणलेले निबंध निर्दोष असतात, मात्र त्याच विद्यार्थ्यांना वर्गात बसून साधे पत्र लिहिता येत नाही. त्यामागचे कारण सांगण्याची गरज नसावी. कोणाकडे तयार नमुना असल्यास कृपया त्वरित द्यावा.

देवरुखकर : पातळी कोणती? विद्यार्थी शाळेतले की नोकरीच्या वयाचे? भाषांतर कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत? एवढे कळल्याखेरीज नमुना देणे म्हणजे माप न घेता सदरा शिवणे होय.

सागरवाट : नमुना शोधत बसू नये. इन्स्तितुतो सेर्व्हान्तेस या स्पेनच्या सरकारी संस्थेच्या देले या स्पॅनिश प्रमाणपत्र परीक्षेचा साचा सरळ उचलावा. ए२ या सहापैकी खालून दुसऱ्या पातळीच्या लेखनपत्रिकेत ४५ मिनिटांत दोन मजकूर लिहायचे असतात, पहिला ६० ते ७० शब्दांचा आणि दुसरा ७० ते ८० शब्दांचा. मी स्वतः त्याच साच्याने तयारी केली आणि उत्तीर्ण झालो.

देवरुखकर : देलेमध्ये भाषांतराचा प्रश्नच नसतो, आणि ताईंनी भाषांतराबद्दलही विचारले आहे. शिवाय तेथे वाचन आणि लेखन यांचे गुण एकत्र धरले जातात आणि त्या गटात ५० पैकी ३० मिळाले की पुरते, त्यामुळे लेखनात कच्चा असलेला विद्यार्थी वाचनाच्या बळावर तरून जाऊ शकतो. ज्यांना लेखनच तपासायचे आहे, त्यांनी त्याचे गुण वेगळे ठेवावेत.

आंबेघाट : मुलांना रोज पंधरा मिनिटे स्पॅनिश गाणी ऐकवावीत, उच्चार आपोआप सुधारतात.

खाडीकाठ : उच्चारांविषयी मी विचारलेले नाही. विद्यार्थी प्रौढ आहेत, बरेचसे बोटीवर किंवा हॉटेलांत नोकरीला जाणारे; पातळी ए२. भाषांतर अर्थातच दोन्ही बाजूंनी.

देवरुखकर : हे ‘अर्थातच’ पहिल्याच संदेशात यायला हवे होते. दोन्ही बाजू एकाच तराजूत घालू नयेत, कारण स्पॅनिशमधून मराठीत आणताना मुख्यत्वे आकलन कळते, तर मराठीतून स्पॅनिशमध्ये नेताना व्याकरणावरची पकड कळते.

सागरवाट : मूळ उतारा इंग्रजीतच द्यावा. स्पॅनिशची पुस्तके इंग्रजीतून असतात आणि विद्यार्थ्यांना तीच सवय असते.

देवरुखकर : मी याच्याशी सहमत नाही. ‘मी आईला शोधतो’ आणि ‘मी चावी शोधतो’ या वाक्यांत आपण ज्या ठिकाणी ‘ला’ लावतो आणि लावत नाही, जवळजवळ त्याच ठिकाणी स्पॅनिश भाषा कर्मापूर्वी ‘आ’ हा शब्द लावते आणि लावत नाही. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी तेथे हमखास अडखळतो. ‘जायचो’ आणि ‘गेलो’ यांतला फरकही स्पॅनिशच्या दोन भूतकाळांना बराच जुळतो.

सागरवाट : मग तर मराठीतून दिलेली परीक्षा फारच सोपी होईल! आधार भाषेनेच दिला, तर तपासणार काय?

देवरुखकर : म्हणूनच आधार न देणारी वाक्येही मुद्दाम घालावीत. ‘रत्नागिरी समुद्रकिनारी आहे’ आणि ‘रत्नागिरी जिल्ह्याचे ठिकाण आहे’ या दोन्हींत मराठीत एकच ‘आहे’ चालते. स्पॅनिशमध्ये ‘असणे’साठी दोन क्रियापदे आहेत; पहिल्यासाठी ‘एस्तार’ आणि दुसऱ्यासाठी ‘सेर’ लागते. मराठीत नसलेल्या उपपदांचीही (इंग्रजीतल्या ‘अ’, ‘द’सारख्या शब्दांची) कसोटी त्याच उताऱ्यात होते.

रेवदंडा : विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. आपल्याच किनाऱ्यावर रायगड जिल्ह्यातल्या कोर्लई गावात पोर्तुगीजपासून घडलेली बोली आजही घराघरांत बोलली जाते. स्पॅनिशऐवजी पोर्तुगीज शिकवल्यास स्थानिक इतिहासाशी नाते जुळेल, असे माझे मत आहे.

खाडीकाठ : काका, माहिती मोलाची आहे, परंतु परीक्षा पुढील आठवड्यात असल्याने आता भाषा बदलता येणार नाही. गुण कसे द्यावेत, हे कोणी सांगेल काय?

सागरवाट : प्रत्येक चुकीला अर्धा गुण कापावा. वाद उरत नाही.

देवरुखकर : भाषांतरात ही पद्धत चालेल, कारण सर्वांसमोर मजकूर एकच असतो, तरी अर्थ उलटवणारी चूक आणि सुटलेले स्वराघातचिन्ह (स्वरावरची तिरकी रेघ) यांना सारखा दंड नसावा. स्वतंत्र लेखनात मात्र जो भिऊन चार ठरावीक वाक्ये लिहितो तो वाचतो, आणि जो धीर करून लांब वाक्य रचतो तो बुडतो. तेथे आशय, मांडणी, शब्दसंपदा आणि व्याकरण यांना वेगवेगळे गुण द्यावेत. विषयही त्यांच्या कामाचा असावा; खोलीतले पाणी बंद झाल्याची तक्रार करणाऱ्या पाहुण्याला उत्तर लिहिणे, यासारखा.

खाडीकाठ : हे उपयोगी पडेल. एक अडचण उरते, ती म्हणजे मला प्रत्येकाचे अक्षर ओळखू येते आणि कोण मेहनती आहे हेही ठाऊक आहे.

देवरुखकर : नावे झाकून काही उत्तरपत्रिकांची छायाचित्रे पाठवा, मी स्वतंत्रपणे तपासतो. आपल्या दोघांच्या गुणांत मोठी तफावत आली, तर निकष अजून सैल आहेत असे समजून उरलेल्या पत्रिका तपासण्यापूर्वी ते दुरुस्त करता येतील.

खाडीकाठ : जरूर पाठवते. आणि शब्दकोश द्यावा की नाही?

देवरुखकर : लेखनाला नको. भाषांतराला छापील कोश द्यावा, फोन मात्र दाराशीच जमा करून घ्यावेत.