पत्ते पात्राला शोभायला हवेत

भाऊ, पत्त्यांच्या जादूसाठी काळ्या पत्त्यांवर सोनेरी नक्षीची महागडी कॅट (पत्त्यांचा जोड) घेऊ का, असं विचारलंय तुम्ही. कोट घालून, मंद उजेडात गूढ आवाजात प्रयोग करत असाल तर खुशाल घ्या. (मागच्या रांगेला बदाम की चौकट, ते दिसतंय का तेवढं आधी बघा.)

माझं प्रयोगातलं पात्र पडलं धोतर-टोपीतला, अहिराणीत गप्पा हाणणारा आबा. सारंगखेड्याच्या यात्रेत एकदा असलीच चकचकीत कॅट काढली. मी पिसायच्या आतच पुढचे एक बाबा म्हणाले, "या पत्तासमाच काहीतरी शे!" संपला खेळ.

तेव्हापासून साधी लाल 'बायसिकल' छापाची कॅट. तिच्या पाठीवरची ती 'रायडर बॅक' नक्षी १८८७ पासूनची. पाठीला पांढरी कड असल्यामुळे मध्ये उलटा घातलेला पत्ता किंचित सरकला तरी खपून जातो. 'बी' छापाच्या बिनकडेच्या पत्त्यांत तोच पत्ता पांढरा चमकतो आणि चोरी पकडली जाते. फक्त बायसिकल अडीच इंच रुंद, पोकर मापाची. तळहात लहान असेल तर सव्वादोन इंची ब्रिज मापाची घ्या, पत्ता हातात लपवायला सोपी जाते. माझी कॅट तर आता मुद्दाम कोपरे मळलेली असते, पारावर रमी खेळून उठल्यासारखी.