ओला रुमाल पुरेसा नाही

फरशी कापताना तोंडाला ओला रुमाल बांधला की पुरते, हे मत मला मान्य करता येत नाही. ग्रॅनाइटच्या किंवा काँक्रीटच्या धुळीतील सिलिका या खनिजाचे सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसतही नाहीत, ते रुमालाच्या विणीतून सहज आत जातात आणि त्यांतून होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार बरा होत नाही. म्हणून पात्यावर पाण्याची धार ठेवून धूळ उठूच न देणे हा पहिला उपाय, चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क त्यानंतरचा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना कारागीर मास्क काढतात, हे मी समजू शकतो; अशा वेळी कापण्याचे काम सकाळीच उरकावे. पाण्यामुळे विजेचा धोका वाढतो, तेव्हा पाण्यासह वापरण्यासाठीच बनवलेले कटर आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. पात्यावरचे गार्ड तर कोणत्याही सबबीवर काढू नये.