आत्महत्येच्या प्रयत्नांची नोंद रुग्णालयांतून का होत नाही?

प्रश्न (आरोग्य कार्यकर्ती, कुर्ला):
एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या आणि त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील होत्या. हा अहवाल हाती आला तो डिसेंबर २०२३ मध्ये. आमच्या वस्तीत या महिन्यात काय घडते आहे ते त्यातून कळत नाही, आणि प्रयत्नातून जे बचावले त्यांची तर त्यात गणतीच नाही. मुंबईत ही माहिती वेळेवर कशी मिळेल?

उत्तर (डॉक्टर, अपघात विभाग):
ताई, माहिती आमच्या टेबलापर्यंत येते, पण तिथेच बदलते. मध्यरात्री आणलेल्या मुलीची एमएलसी (पोलिसांकडे जाणारी वैद्यकीय नोंद) लिहिताना वडील माझा हात धरून म्हणतात, "डॉक्टर, चुकून झालं असं लिहा, तिचं लग्न ठरलंय." मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षा केली जात नाही, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे जुने कलम ३०९ राहिलेले नाही, तरीही घरच्यांना पोलिसांची धास्ती वाटतेच. मग केसपेपरवर "अपघात" राहतो आणि मुलगी मानसोपचार विभागात न जाताच घरी जाते. पूर्वी प्रयत्न केलेल्यांना पुढे धोका फार मोठा असतो, म्हणून ही नोंद मला सलते.

उत्तर (आरोग्य सांख्यिकी):
एनसीआरबीचे आकडे पोलीस ठाण्यांतून येतात. घरोघरी नातेवाइकांना विचारून जमवलेल्या माहितीवरून २०१० सालासाठी सुमारे १,८७,००० आत्महत्यांचा अंदाज निघाला होता, तर पोलिसी नोंद होती १,३४,५९९. आयर्लंडमध्ये रुग्णालयांच्या अपघात विभागांतून प्रशिक्षित नोंदणीकार स्वतःला इजा केलेल्यांची माहिती गोळा करतात. इथेही एमएलसीपासून वेगळा, नाव नसलेला अर्ध्या पानाचा फॉर्म हवा: वय, लिंग, वॉर्ड, पूर्वीचा प्रयत्न, मानसोपचाराकडे पाठवले की नाही. तो पोलिसांकडे जाणार नाही, हे नातेवाइकांना तोंडी सांगावे लागेल. वॉर्डात एक-दोनच नोंदी असतील तर आकडा जाहीर करू नये, कारण चाळीत माणूस लगेच ओळखला जातो.

प्रश्नकर्ती:
आणि खाजगी नर्सिंग होम? आमच्याकडचे बरेच रुग्ण आधी तिथेच जातात.

डॉक्टर:
त्यांनाही तोच फॉर्म द्यावा लागेल, नाहीतर निम्मे चित्र हरवेल. दरम्यान, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक डिस्चार्ज कार्डावर हाताने लिहून, तो फोन रात्रीही उचलला जातो हे नातेवाइकांना सांगणे आम्ही सुरू केले आहे.