शब्दचर्चा: 'फास्ट कोर्स'ला मराठीत काय म्हणावं?

महालकर
नागपुरातल्या एका रोड रेसचं माहितीपत्रक मराठीत करायचं आहे. मूळ मजकुरात 'फ्लॅट', 'फास्ट' आणि 'रेकॉर्ड एलिजिबल' हे तीन शब्द सारखे येतात. पहिल्याला 'सपाट' लिहिलं. दुसऱ्याला 'द्रुतगती मार्ग' सुचला, पण ते वाचून लोक समृद्धीचा टोलनाका शोधतील. तिसऱ्याला 'विक्रमी मार्ग' चालेल का? आणि रेकॉर्डला विक्रम म्हणू की उच्चांक?

सदरकर
'विक्रमी मार्ग' नको. विक्रमी पीक, विक्रमी गर्दी म्हणजे विक्रम झालेला असतो. तुम्हाला सांगायचंय ते वेगळं: या रस्त्यावर धावलेली वेळ विक्रम म्हणून धरता येईल. त्याला 'विक्रमग्राह्य मार्ग' म्हणा. 'विक्रमपात्र' नको, पात्र धावक असतो.

उच्चांक तर इथे उलटाच पडतो. मे महिन्यात आपल्या तापमानाचा उच्चांक छापून येतो तो बरोबर, कारण आकडा वर जातो. धावण्यात वेळ खाली येते. म्हणून 'नीचांक' लिहावा तर वाचणाऱ्याला वाटेल, बिचाऱ्याची फजिती झाली. उंच उडी, भालाफेक यांना उच्चांक शोभतो. घड्याळाच्या खेळात विक्रम.

धंतोलीकर
विक्रमच योग्य. 'क्रम्' धातू पाऊल टाकण्याचा, तीन पावलांत जग व्यापणारा तो त्रिविक्रम. त्याची वाकाटककालीन मूर्ती आपल्या रामटेकला आहेच. पायांच्या खेळाला याहून नेमका शब्द कुठून आणणार?

क्रियापदही सांभाळा. विक्रम 'मोडतो', 'नोंदवला जातो', 'प्रस्थापित होतो'. 'विक्रम तुटला' ही आपल्याकडच्या हिंदीची उसनवारी. बोलताना चालते, छापताना खटकते.

अजनीकर
सपाट म्हणजेच फास्ट ना भाऊ? मग दोन शब्द काऊन पाहिजे?

सदरकर
पाहिजेत. सपाटपणा हे एक कारण झालं, वेग हा परिणाम. बर्लिन मॅरेथॉनचा मार्ग सपाट आहेच, पण तिथे २००३, २००७, २००८, २०११, २०१३, २०१४, २०१८ आणि २०२२ असे पुरुषांचे आठ विश्वविक्रम झाले ते केवळ त्यामुळे नाहीत. सप्टेंबरअखेरची थंड सकाळ, रुंद रस्ते, कमी काटकोनी वळणं, पेसरची (ठरलेल्या वेगाने पुढे धावून इतरांना वेग धरून देणाऱ्यांची) टोळी आणि पुढच्याच्या पाठीशी राहून मिळणारा वाऱ्याचा आडोसा हे सगळं जुळावं लागतं. ड्राफ्टिंगला 'आडोसा' हा आयता मराठी शब्द आहे, वापरत जा.

आता आपल्याकडे पाहा. वर्धा रोड बऱ्यापैकी सपाट आहे. पण त्यावर चार यू-टर्न टाकले की दरवेळी वेग मोडून पुन्हा उचलावा लागतो. फेब्रुवारीत सुरुवात सातला ठेवली तर चार तासवाल्यांचा उत्तरार्ध उन्हात जातो. असा मार्ग सपाट असतो, फास्ट नसतो. लांब पल्ल्याला साधारण ८ ते १२ अंशांची हवा मानवते. नागपुरात ती डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेच मिळते, तीही रोज नाही.

फास्टला मी 'वेगवान मार्ग' लिहीन. 'जलद' लोकलसाठी राहू द्या.

अजनीकर
आणि उतार असला तर? मग तर अजूनच वेगवान. तोच विक्रमग्राह्य नाही का?

खामलेकर
इथेच सगळे घसरतात. विक्रमासाठी जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेच्या मार्गाबाबत दोन अटी आहेत. सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा निव्वळ उतार किलोमीटरमागे सरासरी १ मीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे मॅरेथॉनला सुमारे ४२ मीटर. आणि सुरुवात व शेवट यांतलं सरळ रेषेतलं अंतर शर्यतीच्या निम्म्याहून जास्त नको, म्हणजे २१.१ किमीच्या आत. पहिली अट उतारासाठी, दुसरी पाठीवरच्या वाऱ्यासाठी.

बॉस्टन दोन्हींत बसत नाही. उतार १३५ मीटरच्या वर आणि मार्ग जवळपास एकाच दिशेचा. २०११ मध्ये जेफ्री मुताई तिथे २:०३:०२ धावला. तेव्हाचा विश्वविक्रम हायले गेब्रसेलासीचा २:०३:५९ होता. मुताई ५७ सेकंदांनी पुढे असूनही ती वेळ विश्वविक्रम ठरली नाही. गंमत म्हणजे बॉस्टनला सहसा कोणी वेगवान म्हणतही नाही. सुरुवातीचा उतार मांड्यांचे स्नायू झिजवतो आणि पुढे न्यूटन या उपनगरातले चढ त्याची वसुली करतात. त्या वर्षी वारा पाठीशी होता.

आपलं उदाहरण घ्या. झिरो माइलवरून निघून वर्धा रोडने थेट बुटीबोरीच्या पुढे ४२ किमी गेलात, तर उतार मोजायची गरजच नाही. दुसरी अटच मोडली. निव्वळ उताराला 'उतरण' म्हणू नका, मधले चढ वजा करून उरतो तो 'निव्वळ उतार'.

महालकर
मग व्हिएन्नात केनियाचा एलिउड किपचोगे मॅरेथॉनचं अंतर दोन तासांच्या आत धावला त्याला काय म्हणायचं?

खामलेकर
१:५९:४०, १२ ऑक्टोबर २०१९. त्याला विक्रम नको, 'प्रयोग' म्हणा. ती खुली शर्यत नव्हती, पेसर आळीपाळीने आत-बाहेर होत होते, पाणी सायकलवरून हातात मिळत होतं. केल्विन किप्टमचा २०२३ चा शिकागोतला २:००:३५ मात्र तेव्हा रीतसर विश्वविक्रम ठरला. पूर्वार्ध ६०:४८, उत्तरार्ध ५९:४७. याला 'निगेटिव्ह स्प्लिट' म्हणतात. त्याचं कोणी 'ऋण विभाजन' केलं तर हात जोडून थांबवा. 'उत्तरार्ध जलद' पुरे.

जुन्या बातम्या वाचताना हेही ध्यानात असू द्या: २००४ च्या आधी रस्त्यावरच्या वेळांना अधिकृत नाव 'जागतिक सर्वोत्तम' होतं, 'विश्वविक्रम' नव्हे.

प्रतापनगरवाली
पेस आणि वेग यांतही घोळ होतो, ताई-दादांनो. किप्टमचा पेस किलोमीटरला साधारण २ मिनिटं ५१ सेकंद, वेग ताशी जवळजवळ २१ किमी. वेग वाढतो तेव्हा पेसचा आकडा घटतो. 'पेस वाढवा' असं लिहिलं की निम्मे लोक सुटतात आणि निम्मे घड्याळातला आकडा वाढवायला हळू होतात. 'पेस ६:०० वरून ५:५० वर आणा' असं आकड्यात लिहावं. आणि 'पेसमेकर' हृदयाला बसवतात, शर्यतीत 'पेसर'.

अजनीकर
बाप्पा! बरं, पत्रकात 'अचूक ४२.१९५ किमी' लिहिलं तर? घड्याळात तर नेहमी ४२.५ येते. मोजणी चुकते काय?

खामलेकर
'अचूक' ऐवजी 'प्रमाणित मोजणीचा' लिहा. ही मोजणी सायकलने होते. पुढच्या चाकाला जोन्स काउंटर (चाक फिरेल तसे अंक मोजणारं यंत्र) लावतात, तो किलोमीटरला साधारण ११,००० अंक मोजतो. आधी पोलादी टेपने मोजलेल्या किमान ३०० मीटरच्या सरळ पट्ट्यावर चार फेऱ्या मारून त्या सायकलचे किलोमीटरला नेमके किती अंक भरतात ते ठरवतात. मग वळणांवर कडेपासून ३० सेंमी अंतर ठेवून, शक्य तितक्या आखूड रेषेने पूर्ण मार्ग चालवतात. परत येऊन पुन्हा चार फेऱ्या.

दुसऱ्या फेऱ्या का, ते नागपूरकराला चटकन कळावं. पहाटे थंड असलेला टायर दुपारी तापून फुगतो, घेर वाढतो, किलोमीटरला अंक कमी भरतात. म्हणून दोन्ही वेळचे अंक हिशेबात धरतात. रस्ता आखूड पडू नये म्हणून त्यावर ०.१ टक्का जादा घालतात, मॅरेथॉनला सुमारे ४२ मीटर. (उताराच्या मर्यादेचा आकडाही ४२च आहे. दोन्ही एकच समजणारे भेटतात.)

घड्याळाचं कारण वेगळं. धावक आखूड रेषा सोडून नागमोडी धावतो, जीपीएसही इकडेतिकडे उड्या मारतं. वर्धा रोडवर तर डोक्यावर दुमजली पूल आणि मेट्रो. खाली सिग्नल मिळेल तसा मिळेल.

महालकर
मग असं लिहितो: 'सपाट, वेगवान आणि विक्रमग्राह्य मार्ग, अंतर प्रमाणित मोजणीचे.' सोबत ५ किमीची 'मिनी मॅरेथॉन' पण आहे.

धंतोलीकर
मॅरेथॉन ४२.१९५ चीच. '५ किमी धाव' लिहा.

खामलेकर
'विक्रमग्राह्य' हा शब्द मोजणीचं प्रमाणपत्र हातात असेल तरच छापा. ते पाच वर्षं चालतं, पण मार्ग तोच राहिला तर. मध्ये कुठे दुभाजक हलला किंवा यू-टर्नची जागा पुढे-मागे झाली, तर तो शब्द काढा आणि आधी फेरमोजणी करून घ्या.